उघडे कपाट, बांधलेली पेन्सिल: कोणी पाहत नसताना काय घडते याच्या चौदा आठवड्यांच्या नोंदी

१२ जून

आमच्या कामाच्या ठिकाणी विश्रांतीच्या खोलीत पुस्तकांचे एक कपाट आहे. आतापर्यंत ते कुलपात असे. ज्यांच्याकडे त्याची किल्ली असे ते गृहस्थ मागच्या महिन्यात काम सोडून गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवून, "आता तुम्हीच बघा," एवढेच म्हणाले. मी कुलूप काढून खणात टाकले.

उघड्या कपाटातली पुस्तके टिकतील की जातील, हा व्यवहाराचा प्रश्न होताच. पण त्याच्या आडून मला दुसरा एक प्रश्न सोडवून बघायचा होता. पकडले जाण्याची भीती नाही आणि शाबासकीची शक्यताही नाही, अशा वेळी माणूस नीट का वागतो? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी, असे आपण सहज म्हणून जातो. लाजा दोन आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात, हे भाषेने केव्हाच ओळखलेले आहे. त्यांपैकी पहिली काढून घेतली तर दुसरी किती भार पेलते, हे मोजायचे, असा माझा बेत आहे. असे कपाट उघडे करू पाहणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

मांडणी साधी आहे. ६४ पुस्तके, प्रत्येकाच्या आतल्या पानावर क्रमांकाची चिठ्ठी, आणि कपाटाशेजारी एक नोंदवही. तिच्यात चार रकाने आहेत: नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख आणि आणल्याची तारीख. नोंदवहीला दोरीने एक पेन्सिल बांधली आहे. कॅमेरा नाही, आणि मी त्या खोलीत बसून राहणार नाही. दर शुक्रवारी सगळे गेल्यावर मोजदाद करायची. एकूण पुस्तकांमधून कपाटातली आणि नोंदवहीप्रमाणे बाहेर असलेली वजा केली की उरतील ती नोंदीविना गेलेली. या तयारीला दोन संध्याकाळी मिळून सुमारे पाच तास लागले. त्यांतला दीड तास चिठ्ठ्या उलट्या चिकटवून पुन्हा सोडवण्यात गेला.

१९ जून

पहिली मोजदाद. कपाटात ४६ पुस्तके, नोंदवहीप्रमाणे बाहेर ११. म्हणजे एकाच आठवड्यात ७ पुस्तके नोंदीविना गेली. मी वैतागलो. ज्यांच्याबरोबर रोज काम करतो त्यांच्यातले सात जण असे निघावेत, याचे वाईट वाटले, आणि उद्याच पुन्हा कुलूप लावावे असा विचार मनात आला.

२२ जून

बरे झाले, कुलूप लावले नाही. आज सकाळी कपाट पुढे ओढून पाहिले तेव्हा दोन पुस्तके मागच्या फटीत पडलेली सापडली. यादी पुन्हा तपासली तेव्हा ३१ हा क्रमांक मी दोनदा लिहिल्याचे लक्षात आले. पुस्तके मुळात ६३ च आहेत. सातातली तीन अशी माझ्याच गलथानपणाची निघाली, आणि खरा आकडा ४ वर आला.

तीन दिवस मी सात माणसांना मनातल्या मनात चोर ठरवून बसलो होतो. असे काम करणाऱ्याने ही गोष्ट लिहून ठेवावी: मोजणाऱ्याची चूक नेहमी मोजल्या जाणाऱ्याच्या खात्यावर पडते, कारण मोजणाऱ्याचा हिशेब कोणी तपासत नाही. यापुढे प्रत्येक मोजदाद दोनदा करणार.

२६ जून

नोंदीविना ५. आज पहिला उपाय केला. कपाटाच्या वर, नजरेच्या उंचीवर, दोन डोळ्यांचे मोठे छायाचित्र चिकटवले.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात लोकांनी स्वतःहून पेटीत पैसे टाकायचे अशी पेयांची सोय होती. तेथे संशोधकांनी दहा आठवडे दरपत्रकावर एका आठवड्याला फुलांचे आणि पुढच्या आठवड्याला डोळ्यांचे चित्र छापले, आणि डोळ्यांच्या आठवड्यांत प्रत्येक लिटर दुधामागे (चहा-कॉफी किती घेतली गेली, याचे माप दूधच होते) जमलेली रक्कम फुलांच्या आठवड्यांच्या जवळपास तिप्पट भरली. २००६ साली हे प्रसिद्ध झाल्यावर पुष्कळ ठिकाणी भिंतींवर डोळे लागले. कागदी डोळ्यांना काही दिसत नाही हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, तरी हात सावरतो. म्हणजे जनाची लाज इतकी मुरलेली असते की तिला जन खरा नसला तरी चालते, असा त्याचा अर्थ मी लावला.

३ जुलै

नोंदीविना १. डोळे काम करत आहेत. मी खूश आहे.

१० जुलै

नोंदीविना २. या आठवड्यात निम्मे लोक रजेवर होते, त्यामुळे या आकड्याला फारसा अर्थ नाही. हे मागच्या आठवड्यालाही लागू होते, पण आकडा माझ्या बाजूचा होता म्हणून तेव्हा मी ते लिहिले नाही.

१७ जुलै

नोंदीविना पुन्हा ५. रजेवरचे लोक परतले, आणि डोळ्यांना कोणीतरी पेन्सिलीने चष्मा काढला आहे. चष्मा चांगला जमला आहे.

आधी शोधायला हवे होते ते आज शोधले. अशा कागदी पहाऱ्यावर झालेल्या प्रयोगांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, आणि लोक त्यामुळे अधिक उदार होतात असे त्यातून दिसले नाही. चित्र काढून टाकले. तीन आठवडे गेले. आणि डोळे नसलेला आठवडा मध्ये घातलाच नव्हता, त्यामुळे आधीचा उतार डोळ्यांचा होता की रजांचा, हे आता सांगता येणार नाही. पुन्हा करायचे झाल्यास मी न्यूकॅसलवाल्यांप्रमाणे एक आठवडा सोडून एक आठवडा चित्र लावीन.

पुढचा उपाय म्हणून दंड ठरवला आहे. पुस्तक दोन आठवड्यांत परत यावे. उशीर झाल्यास किरकोळ रक्कम पेटीत टाकावी. ती घ्यायला कोणी उभे राहणार नाही, पेटी तेवढी ठेवली आहे. आज मुदत उलटलेली पुस्तके ३ आहेत.

३१ जुलै

मुदत उलटलेली पुस्तके ७. दंड लावल्यावर उशीर दुपटीहून वाढला.

आधी ज्यांना उशीर होई ते वाटेत भेटले की ओशाळून, "उद्या नक्की आणतो," म्हणत. गेल्या दोन आठवड्यांत असे एकही वाक्य मला ऐकू आले नाही. उलट परवा एका सहकाऱ्यांनी माझ्यासमोर तीन आठवड्यांचा दंड आगाऊ पेटीत टाकला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आता महिनाभर तरी काळजी नाही." त्यांच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. मी भाडे मागितले होते आणि त्यांनी ते भरले होते.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांमध्ये नेमके हेच झाले होते. मुलांना घ्यायला उशिरा येणाऱ्या पालकांसाठी त्यांपैकी सहा ठिकाणी दंड सुरू करण्यात आला आणि तेथे उशीर जवळपास दुप्पट झाला. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी पूर्वी वाचलेला होता. वाचलेला होता, आणि तरीही पेटी ठेवली, कारण आपली माणसे तशी नाहीत असे मला वाटले. त्या पालकांना आधी ताटकळणाऱ्या बाईंचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर त्या संकोचाचा भाव ठरला आणि तो परवडण्याजोगा होता.

७ ऑगस्ट

दंड बंद केला, पेटी काढली. मोठ्या चुकीची नोंद म्हणून हे ठळक लिहितो: हैफामध्ये दंड काढून घेतल्यावरही उशीर खाली आला नव्हता. एकदा व्यवहार झाला की तो मागे घेता येत नाही, असे त्या अभ्यासावरून दिसते आणि आता मला त्याची धास्ती वाटते.

१४ ऑगस्ट

मुदत उलटलेली ८. धास्ती खरी ठरली.

नोंदवहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर "मी खरी नोंद करीन" असे छापून त्याखाली आधी सही घ्यावी, असा विचार गेल्या आठवड्यात केला होता. अर्ज भरण्याआधीच सही घेतली तर लोक कमी खोटे लिहितात, असे २०१२ सालच्या एका गाजलेल्या शोधनिबंधात होते. तीस पाने छापून झाली आणि मग कळले की तो निबंध २०२१ मध्ये मागे घेण्यात आला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे पुरावे पुढे आले. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातली आकडेवारी बनावट निघावी, यावर आणखी काय लिहावे? एक संध्याकाळ वाया गेली. पाने पाठकोरी म्हणून वापरतो आहे.

२१ ऑगस्ट

ही नोंद लिहायला मला तीन वेळा बसावे लागले.

आज घरचे टेबल आवरताना वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली २३ क्रमांकाचे पुस्तक सापडले. ते मीच आणले होते. दिवसही आठवला: १४ जुलै, मंगळवार. शिवण उसवली आहे का हे पाहावे म्हणून ते घरी नेले, मग वाचायला लागलो, मग अर्धे झाल्यावर बाजूला पडले. नोंद केली नव्हती. भिंतीवर तेव्हा मीच लावलेले डोळे होते.

एवढ्यावर भागले असते तर विसरभोळेपणा म्हणून सोडून देता आले असते. पण मी शुक्रवारच्या मोजदादींचे कागद काढून पाहिले. १७ जुलैपासून प्रत्येक कागदावर २३ समोर "कपाटात आहे" अशी खूण आहे. ती माझ्या हातची आहे, आणि मोजदाद दोनदा करण्याचा नियम मी जूनमध्येच घालून घेतला होता, म्हणजे दर खेपेला ती दोनदा झाली आहे. पुस्तक समोर नव्हते आणि मी ते हजर धरत होतो. १७ जुलैच्या पाचांवर मी चिडलो होतो, ते वास्तविक सहा होते.

त्या वेळी मनात नेमके काय होते, हे आठवण्याचा बराच प्रयत्न केला. चोरी हा शब्द मनात आला नव्हता, आणि लपवतो आहे असेही वाटले नव्हते. "ते तर माझ्याकडेच आहे," असे वाटून खूण केली होती. कपाट मी सांभाळतो, तेव्हा माझ्याकडे असलेले पुस्तक कपाटातच आहे, असा तो हिशेब. कृत्य लहान होते, पण त्याला नाव देण्यातली चलाखी लहान नव्हती. "आणले" याऐवजी "तपासायला नेले", "नोंद केली नाही" याऐवजी "मला नोंदीची गरज काय", अशी दोन नावे बदलली आणि पुढचे ३८ दिवस मनाची लाज एकदाही जागी झाली नाही, कारण तिच्यापुढे प्रश्न आलाच नाही.

प्लेटोच्या एका संवादात गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला अदृश्य करणारी अंगठी मिळते आणि तो थेट राजवाड्यात जाऊन राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो; ती अंगठी न्यायी माणसाला दिली तरी तोही तेच करील, असे गोष्ट सांगणाऱ्याचे म्हणणे आहे. मला ती गोष्ट आता अपुरी वाटते. गायजीसला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक होते. आमच्या कपाटापुरती ती अंगठी मोजणाऱ्याच्या बोटात होती, आणि मी ती घातली आहे हे मलाच कळले नाही.

जातककथांमध्ये याच्या उलट बाजूची कथा आहे. आचार्य शिष्यांची परीक्षा घेण्यासाठी सांगतात की मुलीच्या लग्नासाठी वस्त्रे-दागिने चोरून आणा, मात्र कोणी पाहता कामा नये. सगळे काही ना काही घेऊन येतात. एकटा रिकाम्या हाताने परततो आणि म्हणतो की कोणी पाहत नाही अशी जागा मला सापडली नाही, जेथे जावे तेथे मी स्वतः असतोच. मीही त्या टेबलाजवळ रोज होतो. पण स्वतः हजर असणे पुरत नाही. आणि त्या शिष्यापुढे आचार्यांनी निदान चोरी हा शब्द स्पष्ट उच्चारला होता.

संध्याकाळी नोंदवहीत माझे नाव लिहिले. नेल्याच्या तारखेच्या रकान्यात "१४ ऑगस्ट" लिहावे, म्हणजे आठवडाच झालेला दिसेल, असे पेन्सिल टेकवताना खरोखर मनात आले. १४ जुलै ते २१ ऑगस्ट असे लिहिले. ती ओळ पुढच्या माणसाला दिसणार होती, म्हणून खरे लिहिले की नुसतेच खरे लिहिले, ते मला सांगता येत नाही. मोजदादीचे कागदही दुरुस्त केले.

२५ ऑगस्ट

कालच्या रात्रीचे. कोणी पाहणार नाही आणि नोंदही राहणार नाही, अशी परीक्षा स्वतःची घेऊन पाहिली. उसवलेल्या पुस्तकांची शिवण घालायची होती. फासा टाकून सम आकडा आला तर आज, विषम आला तर उद्या, असे ठरवले. दोन पडले. फासा पुस्तकाच्या कडेला आपटला होता, म्हणून ते दान धरायचे नाही असे ठरवून पुन्हा टाकला. पाच पडले. झोपायला गेलो. पहिल्या खेपेस पाच पडले असते तर फासा कडेला आपटल्याचे माझ्या लक्षात आले असते का?

फाशाचे असे प्रयोग संशोधकांनी पुष्कळ केले आहेत. प्रत्येकाने एकट्याने, आडोशाला फासा टाकायचा आणि पडलेला आकडा सांगायचा. आकड्याप्रमाणे पैसे मिळतात आणि खरे काय पडले ते कोणालाच कळत नाही. एकट्या माणसाचे खोटे पकडता येत नाही, पण सगळ्यांची उत्तरे एकत्र मांडली की कोणता आकडा प्रमाणाबाहेर आला ते दिसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सुमारे ३९ टक्के लोक पूर्ण खरे बोलले आणि सुमारे २० टक्क्यांनी पूर्ण फायदा उचलला, असा अंदाज निघाला. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते मधले: खोटे बोलून सर्वांत मोठी रक्कम मिळत असताना तिच्या खालची घेणारे. पकडले जाण्याचा धोका दोन्हीकडे शून्यच होता. मग थोडे कमी घेऊन त्यांनी कोणाची समजूत घातली? २०१९ मध्ये अशा ९० अभ्यासांचा, ४७ देशांतल्या सुमारे ४४,००० लोकांचा, एकत्र हिशेब मांडला गेला, आणि खोटे बोलून मिळू शकणाऱ्या फायद्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग लोक सोडून देतात, असे निघाले. जूनमध्ये सात चोर मोजून बसलेल्या मला हा आकडा आधी माहीत असता तर निदान एक रात्र झोप लागली असती.

कपाटात आरसा लावावा का, याचाही विचार केला. १९७६ सालच्या एका प्रयोगात घंटा वाजल्यावरही परीक्षा सोडवत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण एरवी ७१ टक्के होते; समोर आरसा आणि कानावर स्वतःचाच ध्वनिमुद्रित आवाज असताना ते ७ टक्क्यांवर आले. पण तो प्रयोग मोजक्याच विद्यार्थ्यांवरचा आहे, आणि डोळ्यांच्या चित्राने पोळल्यामुळे मी आता भिंतीला काही चिकटवणार नाही.

२८ ऑगस्ट

नोंदीविना ४, मुदत उलटलेली ७. आज उपाय न करता दोन माणसांशी बोललो. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते.

पहिल्या, आमच्या हिशेब विभागातल्या ज्येष्ठ बाई. अकरा आठवड्यांत त्यांची एकही नोंद चुकलेली नाही. त्या बहुधा सगळे गेल्यावर पुस्तक नेतात. मी विचारले, "ताई, तेव्हा तर खोलीत कोणीच नसते. तरी आठवणीने कसे लिहिता?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकदा लिहिले नाही, तर पुढच्या वेळी कपाटासमोर आल्यावर मला माझीच नजर चुकवावी लागेल. ते कोण करत बसणार? त्यापेक्षा लिहिणे सोपे." त्यांच्या बोलण्यात त्याग नव्हता आणि अभिमानही नव्हता, कटकट टाळल्याचा सूर होता. अर्थशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ ॲडम स्मिथने १७५९ मध्ये स्तुती व्हावी ही इच्छा आणि आपण स्तुतीस पात्र असावे ही इच्छा यांत फरक केला होता, आणि दुसरीसाठी माणसाच्या आत एक निःपक्षपाती प्रेक्षक बसलेला असतो असे म्हटले होते. ताईंचा प्रेक्षक त्यांच्याशी भांडत नाही. त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलेले आहे.

दुसरे, गोदाम सांभाळणारे एक तरुण सहकारी. त्यांनी आजवर एकही नोंद केलेली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले. मी जरा ताठरपणे कारण विचारले. ते म्हणाले, "सर, पुस्तक मी चार दिवसांत परत आणतोच की. एकदा भिजलेले सापडले, तर घरी नेऊन वाळवून आणले. लिहायचे कशाला?" तपासून पाहिले. कपाटातल्या तीन पुस्तकांना नीट कव्हरे घातलेली आहेत. ती त्यांनीच घातली आहेत आणि कोणाला सांगितलेले नाही.

त्यांच्याशी बोलून बाहेर आलो तेव्हा माझी मोजपट्टीच चुकीची असल्याचे ध्यानात आले. अकरा आठवडे मी नोंदवहीचे पालन मोजत होतो आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत होतो. माझ्या हिशेबात हे तरुण सहकारी दर आठवड्याचे गुन्हेगार होते आणि मी, खोट्या खुणा करणारा, निर्दोष होतो. पुढच्या वाचकाचे नुकसान होते का, हे मोजायला हवे होते. नोंद त्याचे फक्त एक साधन आहे, हे मी विसरलो होतो, आणि मुख्य म्हणजे हे मी कोणालाच कधी सांगितलेले नव्हते. कपाटावरच्या सूचनेत "नोंद करणे आवश्यक आहे" एवढेच होते. का आवश्यक, ते नव्हते.

४ सप्टेंबर

मांडणी बदलली. प्रत्येक पुस्तकात एक जाड कागदाचे कार्ड घातले. त्यावर "हे पुस्तक यानंतर यांना हवे आहे" असे लिहून खाली रिकाम्या ओळी सोडल्या. वाट पाहणाऱ्याने आपले नाव तेथे लिहायचे. पुस्तक बाहेर असेल तर नाव नोंदवहीत लिहून ठेवायचे, ते मी पुस्तक येताच कार्डावर उतरवतो. मुदतीची सूचना काढली. ६३ कार्डे कापायला आणि लिहायला चार तास लागले.

हे सुचण्याचे कारण हरवलेल्या पाकिटांचा प्रयोग. ४० देशांतल्या ३५५ शहरांमध्ये संशोधकांनी १७,००० हून अधिक पाकिटे "रस्त्यात सापडली" म्हणून कचेऱ्या, बँका, हॉटेले अशा ठिकाणी दिली आणि किती जण मालकाला कळवतात ते पाहिले. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल ४० टक्क्यांनी कळवले, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्क्यांनी. तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तेव्हा प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. अर्थतज्ज्ञांनाही हे आधी ओळखता आले नव्हते. रक्कम वाढली की ठेवून घेण्याला चोरी याखेरीज दुसरे नाव देता येत नाही; त्यामुळे मोह वाढूनही हात मागे येतो, असे मी त्यातून घेतले. पाकिटात किल्ली होती तेव्हाही परत करणारे वाढले. किल्ली सापडणाऱ्याच्या काही कामाची नसते, हरवणाऱ्याची मात्र ती अडचण असते. कार्डावरचे नाव माझ्या मते त्या किल्लीसारखे आहे. ते कोणावर पाळत ठेवत नाही; पुस्तक घरी पडून आहे, याला "अजून वाचून व्हायचे आहे" असे म्हणणे तेवढे अवघड करते.

११ सप्टेंबर

मुदत आता नाही, पण जुन्या हिशेबाने दोन आठवड्यांवर राहिलेली पुस्तके ३. दंड लावल्यानंतर प्रथमच एका सहकाऱ्यांनी जिन्यात थांबवून, "ते पुस्तक माझ्याकडे अडकले आहे, उद्या आणतो," असे ओशाळून सांगितले. मला आनंद झाला तो त्यांना दिसू दिला नाही.

पण नोंदीविना ९. हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा आहे. अर्धा तास मी कार्डांमुळे लोकांनी नोंदवही अनावश्यक ठरवली की काय, नावे उघड होतात म्हणून संकोच वाटला की काय, अशी कारणे रचत बसलो. मग माझी स्वतःची नोंद करायला पेन्सिल उचलली. तिचे टोक मोडलेले होते. शेवटची नोंद मंगळवारची आहे आणि तिचे अखेरचे अक्षर कागदावर नुसते कोरलेले आहे.

पेन्सिल टोकदार केली, दुसरी बांधली, शेजारी गिरमिट ठेवले. याआधीच्या कोणकोणत्या आठवड्यांत असे झाले असेल, ते आता कळण्याचा मार्ग नाही.

१८ सप्टेंबर

आजची मोजदाद प्रथमच दोघांनी केली: मी आणि गोदामातले ते तरुण सहकारी. ते क्रमांक वाचत होते आणि मी पुस्तक हातात घेतल्याशिवाय खूण करत नव्हतो. कपाटात ४९, नोंदवहीप्रमाणे बाहेर १३, नोंदीविना १. दोन आठवड्यांवर राहिलेली २. आकडे चांगले आहेत. पण कार्डे, दुसरी पेन्सिल आणि नव्याची नवलाई हे सगळे एकाच वेळी आले आहे, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचे ते या दोन आठवड्यांवरून ठरवता येत नाही. ज्या पुस्तकांच्या कार्डावर कोणाचेच नाव नाही, ती अजूनही बाहेर रेंगाळतात.

यापुढे मोजदाद दर महिन्याला वेगवेगळे दोघे करतील. एकट्याने कोणीही करायची नाही, मीसुद्धा. आतापर्यंतचा एकूण वेळ सुमारे ३१ तास, त्यांतले निम्म्याहून अधिक डोळे, दंड आणि सह्यांच्या पानांवर गेले. नोंदीविना गेलेले एक पुस्तक ४१ क्रमांकाचे आहे. ते जुलैपासून दिसलेले नाही, आणि त्याच्यासाठी केलेल्या कार्डावर दोन नावे लिहून झाली आहेत. कार्ड त्याच्या रिकाम्या जागी उभे करून ठेवले आहे.